श्वेत बटूची नाडी



व्हिसा, घराचे हप्ते आणि मुलांचं मराठी हे आपले नेहमीचे विषय आज जरा बाजूला ठेवतो. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. इंजिनिअरिंगला जेवढं फिजिक्स होतं तेवढंच माझं शिक्षण. पण ऑस्टिनला राहायला आल्यापासून एका विषयाने मला धरून ठेवलंय, आणि तो आपल्यासारख्या देशोदेशी पांगलेल्या लोकांना जरा जास्तच जवळचा वाटेल असं मला वाटतं. विषय आहे श्वेत बटू तारे, म्हणजे व्हाइट ड्वार्फ, आणि त्यांची धडधड.

आधी थोडी पार्श्वभूमी. सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपलं की बाहेरची टरफलं उडून जातात आणि आतला गाभा तेवढा उरतो. वस्तुमान जवळपास सूर्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि आकार मात्र पृथ्वीएवढा. चमचाभर माल काढला तर त्याचं वजन काही टन भरेल. आपल्या सूर्याचंही सुमारे पाचशे कोटी वर्षांनी हेच होणार आहे. या बटूंचं वजन किती वाढू शकतं याची मर्यादा काढली ती चंद्रशेखर यांनी. १९३० साली, वयाच्या १९ व्या वर्षी, मुंबईहून बोटीने इंग्लंडला जाताना त्यांनी हा हिशोब मांडायला घेतला. (आपण विमानात तीन पिक्चर बघतो. असो.)

श्वेत बटूच्या पोटात चूल पेटलेली नसते. गॅस बंद केल्यावर तवा जसा नुसता निवत जातो, तसा हा तारा अब्जावधी वर्षं निवत राहतो. तवा किती निवला यावरून गॅस कधी बंद केला ते सांगता येतं, तसंच इथेही. १९८७ मध्ये टेक्सस विद्यापीठाचे डॉन विंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांत मंद, सर्वांत थंड श्वेत बटूंवरून आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचं वय सुमारे ९३० कोटी वर्षं काढलं. पण यात एक मेख आहे. तवा लोखंडाचा की बिडाचा, जाड की पातळ, हे माहीत असल्याशिवाय तो किती वेळात निवेल ते कसं सांगणार? ताऱ्याच्या आत काय आहे ते कळायला हवं, आणि दुर्बिणीला दिसतो तो फक्त वरचा पापुद्रा.

बाजारात मडकं घेताना आपल्या आज्या काय करायच्या? बोटाने टकटक वाजवून बघायच्या. आवाजावरून कळायचं की मडकं नीट भाजलंय की कुठे चीर आहे. काही श्वेत बटू आपणहूनच असे वाजत असतात. आवाज अर्थातच ऐकू येत नाही, पण ताऱ्याचा उजेड काही मिनिटांच्या ठेक्यात कमीजास्त होतो. १९६८ साली आर्लो लँडोल्ट यांनी एचएल टाऊ ७६ नावाचा तारा साधारण साडेबारा मिनिटांच्या ठेक्यात लुकलुकतो असं प्रसिद्ध केलं, तो या जातीचा पहिला. उजेडातला फरक बहुतेकदा काही टक्क्यांचाच. तारा फुग्यासारखा फुगतो आणि आकसतो असंही नाही. गुरुत्वाकर्षण इतकं जबर की माल वरखाली फारसा हलूच शकत नाही. तो आडवा हिंदकळतो, परातीतल्या पाण्यासारखा. त्यामुळे पृष्ठभागाचा काही भाग जास्त तापतो, काही निवतो, आणि आपल्याला उजेड बदललेला दिसतो.

ही धडधड आयुष्यभर चालत नाही. हायड्रोजनचं आवरण असलेला श्वेत बटू निवत निवत १२,००० अंशांच्या आसपास आला की आवरणातला हायड्रोजन अर्धवट आयनीभूत अवस्थेत असतो, उष्णतेची वाट अडते, आणि हिंदकळणं सुरू होतं. आणखी निवला की थांबतं. १९८२ मध्ये विंगेट यांनी असं गणित मांडलं की हे हायड्रोजनच्या बाबतीत होतं, तर हीलियमचं आवरण असलेल्या बटूंमध्येही आणखी वरच्या तापमानाला व्हायला हवं. मग शोधायला गेले, आणि जीडी ३५८ हा तारा तसाच धडधडताना सापडला. आधी गणित आणि मग तारा, असं या क्षेत्रात क्वचित होतं. आमच्याकडे तर डिझाइन डॉक्युमेंट आधी आणि कोड नंतर हेसुद्धा क्वचितच होतं!

आता खरी अडचण. हे तारे एकाच सुरात वाजत नाहीत. एकाच वेळी दहा-वीस, कधी शंभर सूर चालू असतात आणि त्यातले कित्येक एकमेकांना अगदी चिकटून असतात. ते सुटे करायचे तर तारा सलग बघत राहायला हवा. पण टेक्ससमधल्या दुर्बिणीला आठ तास दिसतो, मग सूर्य उगवतो आणि सोळा तास खंड पडतो. समजा ठेका २१५ सेकंदांचा आहे. सोळा तासांत सुमारे २६८ ठोके होतील. पण ते २६७ झाले, २६८ की २६९, हे न बघता कसं ठरवणार? सूर एकच असेल तर एकवेळ निभावतं. पन्नास सूर असले की प्रत्येक खऱ्या सुराच्या दोन्ही बाजूंना त्याचे खोटे जुळे भाऊ उभे राहतात आणि खरा कोण ते ओळखू येत नाही. वाईट म्हणजे तारा स्वतःभोवती फिरत असल्यामुळे त्याचे सूर खरोखरच फुटून दोन-तीन जवळजवळचे सूर होतात. ती फूट बरोबर याच खोट्या भावंडांच्या गर्दीत हरवते. दुर्बीण मोठी करून हे सुटत नाही. दोष दुर्बिणीचा नाहीच, दोष दिवस उजाडण्याचा आहे.

हा खंडाचा प्रकार मला ताऱ्यांच्या आधी घरी कळला होता. मी दर शनिवारी सकाळी ९ ला आईला फोन करायचो. तिकडे उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. "आई, कशी आहेस?" "मी छान आहे रे, तू जेवतोस ना वेळेवर?" आवाज खणखणीत. दोन वर्षं आठवड्याला एक नमुना, प्रत्येक नमुना सारखाच, म्हणजे आलेख सरळ रेषा. मग सहा आठवडे सलग घरी राहिलो तेव्हा दिसलं की संध्याकाळ हीच तिची दिवसातली चांगली वेळ. सकाळी उठल्यावर तासभर चक्कर, दुपारी अकराला अंधारी, औषध घेऊन झोप, आणि साडेसातला ताजीतवानी. यात लपवाछपवी काही नव्हती. ठरावीक वेळी पाहिलेली गोष्ट तेवढीच दिसते. आता ताई पुण्याहून सकाळी करते, दुबईचा मावसभाऊ दुपारी करतो, मी संध्याकाळी. बीपीची गोळी सकाळची रात्री केली डॉक्टरांनी, तिघांच्या नोंदी एकत्र बघून.

तर ऑस्टिनच्या एड नेथर, विंगेट आणि मंडळींनी ताऱ्यांसाठी हेच केलं. जगभरच्या वेधशाळांना एका माळेत ओवलं आणि १९८८ पासून मोहिमा सुरू केल्या. नाव दिलं 'होल अर्थ टेलिस्कोप', म्हणजे अख्खी पृथ्वीच एक दुर्बीण. टेक्ससमध्ये पहाट झाली की हवाई, मग ऑस्ट्रेलिया, चीन, भारत, इस्रायल, दक्षिण आफ्रिका, कॅनरी बेटं, ब्राझील, चिली, आणि पुन्हा टेक्सस. एकच तारा हातोहात पुढे द्यायचा. आपल्या धंद्यात 'फॉलो द सन' सपोर्ट असतो, यांचं उलटं, रात्रीच्या मागे धावणं. भारतातून तमिळनाडूतल्या कावलूरची वेधशाळा होती आणि इस्रोच्या बंगलोर केंद्रातले टी. एम. के. मारार, एस. सीता, बी. एन. अशोक हे शास्त्रज्ञ या कामात होते. नकाशा काढून बघा, कावलूर आणि टेक्ससची वेधशाळा यांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचं अंतर आहे. म्हणजे टेक्ससला उजाडून तारा हातचा जातो तेव्हा कावलूरला अंधार पडत असतो. आईशी बोलताना जी वेळ आपल्याला आडवी येते, तीच इथे कामाला येते. (इस्रायलमधल्या वाचकांसाठी, तुमच्याकडची वेधशाळा मित्झ्पे रामोनची वाइज.)

हँडओव्हर कॉल केलेल्या कोणालाही यातली दगदग कळेल. एकीकडे ढग, एकीकडे यंत्र बंद, एका ठिकाणी वेधशाळेने भलत्याच तारखा दिलेल्या. ऑस्टिनला एक मुख्यालय मांडलेलं असायचं, तिथे मोहीमभर कोणीतरी जागं. ठिकठिकाणचा डेटा फोन आणि इ-मेलच्या जोरावर तिथे गोळा व्हायचा, लगेच तपासला जायचा, आणि आज रात्री कोणी काय बघायचं ते ठरायचं. हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, जेव्हा आपल्याकडे घरात फोन यायला नंबर लागायचे.

आणि हे एड नेथर कोण? जुन्या प्रोग्रामर मंडळींनी 'स्टोरी ऑफ मेल' नक्की वाचली असेल. ड्रम मेमरीच्या जमान्यातला तो मेल, ज्याच्या लूपमधून बाहेर पडायची अटच कुठे दिसत नाही आणि तरी प्रोग्राम बरोबर चालतो. ती गोष्ट १९८३ साली युजनेटवर लिहिली ती याच नेथर यांनी. मी कॉलेजात असताना ती वाचली होती, लेखक खगोलशास्त्रज्ञ आहे हे मात्र ऑस्टिनला आल्यावर कळलं. २०१४ मध्ये ते वारले.

या माळेतून काय निघालं? मार्च १९८९ मध्ये पीजी ११५९ नावाचा तारा २६४ तास बघितला, शंभरावर सूर सुटे झाले. सुरांमधली अंतरं जवळजवळ समान होती, एका कुळात साडेएकवीस सेकंदांची आणि दुसऱ्यात पावणेतेरा सेकंदांच्या आसपास. या समान अंतरावरून ताऱ्याचं वजन निघतं, सूर्याच्या ०.५८६ पट. सूर कसे फुटलेत त्यावरून कळलं की तारा १.३८ दिवसांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो. पुढच्या वर्षी मे महिन्यात जीडी ३५८ ची पाळी, १५४ तास. वजन सूर्याच्या ०.६१ पट, आणि वरचा हीलियमचा थर ताऱ्याच्या वस्तुमानाच्या सुमारे वीस लाखांत चार भाग, इतका पातळ. दीडशे तास लुकलुक मोजून माणूस ताऱ्याची साल किती जाड ते सांगतो, हे मला अजूनही पचत नाही.

याच जीडी ३५८ ने ऑगस्ट १९९६ मध्ये सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं. अनेक सुरांत वाजणारा हा तारा अगदी थोड्या अवधीत एकाच सुरावर आला, तोही प्रचंड जोरात, आणि मग जवळजवळ गप्प झाला. पुढे पुन्हा आपल्या मूळ सुरांवर परतला. या प्रकाराला अभ्यासकांनी पाश्चात्त्य संगीतातला शब्द दिला, 'स्फोरझांडो', म्हणजे अचानक जोरात. मला तो तबलजीने मध्येच मारलेल्या चक्रधारासारखा वाटतो, फक्त समेवर कोणी आलं नाही.

२००४ साली वर्तमानपत्रांत आलेली 'आकाशातल्या हिऱ्या'ची बातमी काही जणांना आठवत असेल. बीपीएम ३७०९३ हा श्वेत बटू आतून गोठून स्फटिक झालाय, म्हणून बीटल्सच्या गाण्यावरून त्याचं नाव 'लुसी' ठेवलं आणि लोक कॅरेट मोजत बसले. खरं तर हिऱ्याची उपमाच फसवी आहे. आत कार्बनबरोबर ऑक्सिजनही आहे, आणि दाब असा की आपला हिरा तिथे टिकणार नाही. शिवाय गाभा किती गोठलाय यावर अभ्यासकांत मतभेद होते. एका गटाचा आकडा ९० टक्के, दुसऱ्याचा बराच कमी आणि ढगळ. पण गोठणं ही गोष्ट खरी आणि महत्त्वाची. पाण्याचा बर्फ होताना जशी सुप्त उष्णता बाहेर पडते तशी इथेही पडते, त्यामुळे तारा निवायला जास्त वेळ लागतो आणि तव्याचा सगळा हिशोब बदलतो. हे १९६८ साली कागदावर मांडलं गेलं होतं. २०१९ मध्ये गाया उपग्रहाने मोजलेल्या हजारो श्वेत बटूंमध्ये त्याची खूण स्पष्ट दिसली. हिऱ्यापेक्षा ही बातमी मोठी होती, पण ती पहिल्या पानावर आली नाही.

आता माझा लाडका तारा. जी ११७-बी १५ए. लघुसिंह तारकासमूहात, सुमारे १९० प्रकाशवर्षांवर. त्याचा मुख्य ठेका २१५.२ सेकंदांचा. १९७४ पासून लोक त्याच्याकडे बघतायत. ब्राझीलचे एस. ओ. केप्लर (हो, नाव खरंच केप्लर) यांनी त्याचा ठेका किती सावकाश लांबतोय हे मोजण्यात अख्खी कारकीर्द घातली. तारा निवतो तसा ठेका लांबतो. २०२१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ४५ वर्षांच्या नोंदींवरून जो आकडा दिला त्याचा अर्थ असा, की ठेका एक सेकंदाने लांबायला सुमारे ६२ लाख वर्षं लागतील.

हे मोजतात कसं? एका ठोक्यात फरक कळणं अशक्य. पण ४५ वर्षांत सुमारे ६६ लाख ठोके होतात आणि फरक साचत जातो, चक्रवाढ व्याजासारखा. मी कागदावर गणित केलं. १९७० च्या दशकातल्या ठेक्यावरून आजचा ठोका कधी पडेल ते सांगितलं, तर प्रत्यक्षात तो साधारण २४ सेकंद उशिरा पडतो. एवढ्याशा २४ सेकंदांसाठी ४५ वर्षं.

सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे कान टवकारावेत. १९७४ अखेरपासून २०१६ पर्यंत आपल्या घड्याळांत किती लीप सेकंद घातले गेले? मोजा, बरोबर २४. म्हणजे कोणी लीप सेकंदांचा हिशोब ठेवला नाही तर ताऱ्याचं निवणं जेवढं, तेवढाच घोटाळा नुसत्या घड्याळाचा. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे उजेड कधी आठ मिनिटं लवकर पोचतो तर कधी आठ मिनिटं उशिरा. सगळ्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर आणून मगच मोजायच्या.

लीप सेकंद काय करतो ते मी जवळून पाहिलंय. १ जुलै २०१२, रविवार पहाट, हिंजवडीत माझी नाइट शिफ्ट. साडेपाचला तो जादाचा सेकंद पडला आणि मिनिटभरात जावाच्या सगळ्या मशीन १०० टक्के सीपीयूवर. चहा टाकून धावलो. लिनक्सच्या टायमरमधला दोष होता, जगभर लोक त्याच वेळी त्याच्याशीच झगडत होते. शेवटी उपाय निघाला तो गमतीचा, डेट कमांडने मशीनला तिचीच वेळ पुन्हा सांगायची. एका सेकंदाने आमचा रविवार खाल्ला. आता २०३५ पर्यंत हे लीप सेकंद बंद करायचं २०२२ मध्ये ठरलंय, त्याबद्दल मी एकटा पेढे वाटेन.

हा तारा ज्या दुर्बिणीने वर्षानुवर्षं बघितला ती मॅकडोनाल्ड वेधशाळेतली २.१ मीटरची, १९३९ सालची. मुकादम आणि नेथर यांनी तिच्यासाठी आर्गोस नावाचा सीसीडी कॅमेरा बनवला. (अंजुम मुकादम, आडनाव वाचून मीही थबकलो होतो.) आम्ही गेल्या हिवाळ्यात फोर्ट डेव्हिसला गेलो तेव्हा दिवसा ती दुर्बीण बघितली. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी सात तास गाडी चालवली?" रात्री बाहेर आल्यावर मात्र ती अर्धा तास काही बोलली नाही. तसं आकाश आपण पुण्यात कधी बघितलंच नाही.

आता केप्लर, टेस असे उपग्रह झाले. त्यांना दिवस-रात्र नाही, टेस २०२० पासून निवडक ताऱ्यांची दर २० सेकंदांनी नोंद ठेवू शकतो. सलग बघण्याचं काम त्यांनी सोपं केलं. पण १९७४ सालच्या रात्री कोणताही उपग्रह परत आणून देणार नाही. त्या कोणीतरी थंडीत बसून, मोजून, वेळेसकट लिहून ठेवल्या म्हणून आज आहेत.

आणि त्यातून निघालेलं कोडं सुटलेलं नाही. हा तारा सिद्धांताच्या हिशोबापेक्षा काही पट वेगाने निवतोय. एक शक्यता अशी की ॲक्सिऑन नावाचे, अजून कोणी न पकडलेले कण आतली ऊर्जा चोरून बाहेर नेतायत. १९९२ पासून ही कल्पना या ताऱ्याच्या संदर्भात मांडली जातेय. दुसरी शक्यता साधी, की हा विशिष्ट सूर ताऱ्याच्या नेमक्या कोणत्या थरात अडकलाय हे आपण चुकीचं धरलंय. माझं मत विचाराल तर दुसरीवर पैसे लावेन. नव्या कणाआधी आपलं मॉडेल तपासावं, हे दहा-बारा वर्षं प्रॉडक्शनचे बग शोधून आलेलं शहाणपण समजा.

फोर्ट डेव्हिसला कोणाला जायचं असेल तर दोन सूचना. वेधशाळेच्या स्टार पार्टीची तिकिटं फार आधी संपतात, आणि अमावस्येच्या जवळचा शनिवार धरा. वाटेत पेट्रोल पंप विरळ आहेत, टाकी भरून निघा. उंची ६,७०० फुटांच्या वर, रात्री जाड जॅकेट लागतं. लघुसिंह वसंतात रात्री डोक्यावर येतो, सप्तर्षी आणि सिंह यांच्या मध्ये. तारा नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, जागा मात्र दाखवता येते. माझा पुढचा बेत मार्चमधला आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत.

चू. भू. द्या. घ्या.